सात नंबर निवृत्त होतो

सासऱ्यांना संघातून काढायचं आणि तेही त्यांना कळू न देता, हे काम कप्तानाच्या गळ्यात पडलं होतं. कारण सरळ होतं. संघात बाकी कोणाचेही सासरे नव्हते.

सासरे तरुणपणी हॉकीत राईट विंगला खेळायचे, तेव्हा त्यांना सगळे 'तुफान' म्हणायचे. आता साठी उलटली होती, पण नाव तेच राहिलं होतं आणि जागाही तीच. चेंडू मिळाला की तुफान अजूनही सुटायचे. फक्त ते गोलपाशी पोचेस्तोवर समोरच्या संघाची मंडळी घाम पुसून, बुटाच्या नाड्या बांधून, आपापल्या जागी येऊन त्यांची वाट बघत उभी असायची. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांनी उभी हयात घालवली होती. दोन वर्षांपूर्वी खात्याने भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना घरी पाठवलं, आणि तेव्हापासून हॉकी हेच त्यांचं सर्वस्व झालं होतं. कप्तानाला हे सगळं ठाऊक होतं. शिवाय सासरे त्याला मनापासून आवडायचे, ही आणखी एक अडचण.

पण यंदा संघ कधी नव्हे तो चांगला खेळत होता. लीगचा कप अगदी हाताच्या अंतरावर आला होता. कप्तानाने इतक्या वर्षांत तो कप लांबूनच पाहिला होता, नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात. त्याचे गुडघे आता जिना चढताना बोलायला लागले होते. या वर्षी नाही, तर मग कधीच नाही, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

"सरळ सांगून टाक ना," सेक्रेटरी म्हणाला. कप्तानाचं चष्म्यांचं दुकान आणि सेक्रेटरीचं औषधांचं दुकान एकमेकांना लागून होतं. क्लबचा सगळा कारभार मधल्या पायरीवर बसून चालायचा.

"काय सांगू? बाबा, उद्यापासून येऊ नका? अरे, मला संध्याकाळी जेवायला घरी जायचं असतं."

"मग नंबर निवृत्त करू."

"म्हणजे?"

"मोठमोठे क्लब करतात. खेळाडूचा मान म्हणून त्याचा नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. जर्सी काचेच्या फ्रेममध्ये. भाषणं, फुलं, फोटो. एवढा मान झाल्यावर कोण कशाला परत मैदानात उतरतोय?"

कप्तानाला कल्पना इतकी आवडली की त्याने सेक्रेटरीला त्या दिवशीचा चहा पाजला. हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

समारंभ झकास झाला. सात नंबरची जर्सी क्लबच्या हॉलमध्ये भिंतीवर चढली, खाली तुफानांचा तरुणपणीचा फोटो लागला. कप्तानाने भाषण केलं. सासऱ्यांनी डोळे पुसले. सासूबाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, पण त्यांचा चेहरा मात्र अगदी पडलेला होता. बिचाऱ्यांना भरून आलं असेल, असं कप्तानाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला सगळ्यांच्या आधी तुफान हजर! पाठीवर कोरा करकरीत सतरा.

"बाबा, अहो काल तर..."

"काल सात निवृत्त झाला," तुफान पायाचे घोटे फिरवत म्हणाले. "त्याने खूप सोसलं. त्याला आता आराम पाहिजेच होता. हा सतरा ताज्या दमाचा आहे."

कप्तानाने सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने आकाशाकडे पाहिलं.

पुढच्याच सामन्यात तुफान गोलसमोरच्या डीमध्ये दम खात उभे असताना चेंडू त्यांच्या स्टिकच्या पाठीला लागला, तिथून गोलकीपरच्या पॅडला लागला आणि गोलमध्ये जाऊन पडला. स्टिकच्या पाठीने चेंडू खेळणं नियमात बसत नाही, पण पंचाने त्याचा विचार करावा, तोवर तुफानांनी अख्ख्या मैदानाला हात हलवून अभिवादन केलं होतं. तेवढं बघून पंचाने विचार सोडून दिला. सेक्रेटरीला मात्र हवं ते कारण मिळालं. "ऐतिहासिक गोल!" तो म्हणाला. "सतरा निवृत्त करू. दोनदा मान मिळाल्यावर तरी माणसाला काही वाटेल."

माणसाला खूप वाटलं. तुफान गहिवरले, आणि दुसऱ्या दिवशी सत्तावीस घालून आले.

आता गोलकीपर रुसला. "इतकी वर्षं मी अंगावर चेंडू झेलतोय. माझी बरगडी गेली, एक दात गेला. माझा नंबर भिंतीवर का नाही?" त्याला गप्प करायला एक नंबर निवृत्त केला. तेवढ्यात सेंटर हाफला आठवलं, की आपले काकाही कधीकाळी चार नंबर घालून खेळायचे. काका स्वतः येऊन सेक्रेटरीच्या दुकानात बसले आणि चार निवृत्त होईपर्यंत उठलेच नाहीत. मग सत्तावीस गेला आणि तुफान सदतीस घालून आले. हॉलची भिंत भरत चालली. नव्या पोरांच्या वाट्याला त्र्याऐंशी आणि शहाण्णव असे आकडे यायला लागले. फ्रेमवाला क्लबच्या माणसांना लांबूनच नमस्कार करायला लागला. कप्तानाच्या अगदी नाकी नऊ आले, आणि उपांत्य सामना येऊन ठेपला.

"एकच उपाय," सेक्रेटरी म्हणाला. "नियम करायचा. यापुढे ज्याचा नंबर निवृत्त, तो माणूसही निवृत्त. सभेत आधी नियम पास करू, लगेच तू उठून सदतीसचं नाव घे. संपला विषय."

सभेला सगळे जमले. नियम वाचून झाल्याबरोबर पहिला हात वर केला तो तुफानांनी.

"अगदी योग्य नियम आहे!" ते म्हणाले. "नाहीतर मानाला किंमत काय राहिली? उद्या कोणीही उठेल आणि नंबर भिंतीवर लावून परत खेळायला येईल." कोणी हसलं नाही, कारण आपण स्वतःबद्दलच बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. "फक्त दोन दुरुस्त्या सुचवतो. नियम आजपासून लागू, मागचं काही उकरायचं नाही. खात्यातही असंच असतं. आणि वर्षातून एकच नंबर निवृत्त करायचा. ही भिंत बघा, दुकान झालंय नुसतं."

बोलणं इतकं रास्त होतं की नियम दुरुस्त्यांसकट एकमताने पास झाला. मत द्यायला कप्तानाने सर्वांत आधी हात वर केला. मग त्याने घसा साफ केला, खिशातला कागद काढला आणि उठायला लागला. तोवर तुफान, जे बसलेच नव्हते, पुढे बोलू लागले.

"आता या वर्षीचा मान. मंडळी, मला या क्लबने डोक्यावर घेतलं. का? तर एका माणसाने ध्यास घेतला म्हणून. आज मी कबूल करतो, की सासरा असून मी त्याच्यासाठी काही केलं नाही. माझ्या जावयाचा पाच नंबर निवृत्त करावा, असा मी ठराव मांडतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोलकीपरने शिटी वाजवली. सेक्रेटरीने सवयीने "एकमताने मंजूर" म्हटलं, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर तोंडावर हात ठेवला. सासऱ्यांनी कप्तानाला कडकडून मिठी मारली. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, त्यामुळे रागवायचीही सोय राहिली नाही.

"जावईबापू, काही बोला ना," ते म्हणाले.

"काय बोलू, बाबा," कप्तान म्हणाला. त्याच्या मनातलं ते अगदी प्रामाणिक वाक्य होतं.

उपांत्य सामन्याच्या रविवारी कप्तान घरीच राहिला. मैदानाच्या कडेला बसून बघायची त्याची ताकद नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो रविवारी सकाळी घरात होता, आणि हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला. आधी त्याने सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मग चमचे आणि सुऱ्या वेगळ्या केल्या. मग गॅसजवळ उभं राहून बायकोला म्हणाला, "तू कांदा उजवीकडून का कापतेस? डावीकडून कापलास तर हात कमी फिरेल."

बायकोने सुरी खाली ठेवली. तिने फोन उचलला. थोड्या वेळाने सासूबाई आल्या, आणि मायलेकी स्वयंपाकघराचं दार लोटून बसल्या. कप्तान बाहेर बुटांची मांडणी रंगाप्रमाणे करत होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

"आई, एका सकाळीत माझं डोकं उठलंय."

"एक सकाळ? मी वर्षं काढली गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझे बाबा रिटायर झाले त्याच आठवड्यात माझ्या डब्यांना नंबर पडले. साखर हवी तर चौदा नंबर. मीठ तीन. पाहुण्यांसमोर मी आपली अंधारात चाचपडल्यासारखी मोजत उभी. घरात माझा असा एकच वेळ, हे मैदानावर असतात तो. आणि त्या दिवशी तुझा नवरा त्यांची जर्सी भिंतीवर लावायला निघाला! त्याच दिवशी संध्याकाळी मशीन काढलं आणि नवी जर्सी शिवली. म्हटलं, आकडे पाहिजेत ना, मग पाठीवर घ्या आणि जा."

"म्हणजे सतरा तू..."

"सतरा, सत्तावीस, सदतीस, सगळे मीच. सत्तेचाळीस शिवून ठेवलाय."

कप्तानाच्या हातातला बूट गळून पडला.

तेवढ्यात चिखलाने माखलेले तुफान जिना चढून आले. "जिंकलो!" ते दारातूनच ओरडले. "पण जावईबापू, मधे तुमच्याशिवाय नुसतं खिंडार! दोनदा वाचलो. अंतिम सामन्यात असं चालायचं नाही."

"मग घ्या ना त्यांना परत, बाबा," बायको आतून बाहेर येत म्हणाली. "माझी हात जोडून विनंती आहे."

"निवृत्त माणसाला परत कसं घेणार? नियम आहे."

"नियम तुमच्याच दुरुस्त्यांचा आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या फारशा बोलत नसत, म्हणून तुफान चपापले. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि तीसेक वर्षांची नोकरी त्यांच्या मदतीला धावून आली.

"परत घेता येत नाही," ते डोळे उघडून म्हणाले. "पण मुदतवाढ देता येते."

तातडीची सभा त्याच संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर भरली. पाच नंबरला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, अट एवढीच, की सर्वांत ज्येष्ठ खेळाडूची शिफारस हवी.

अंतिम सामन्याला पाहुणा संघ कपडे बदलायला क्लबच्या हॉलमध्ये उतरला. तिथे भिंतीवर त्यांना एकाच माणसाचे फोटो तीन निरनिराळ्या नंबरांखाली दिसले. तीन वेळा निवृत्त होऊनही जो अजून खेळतो तो माणूस असेल तरी कसा, या विचाराने त्यांच्या प्रशिक्षकाची पाचावर धारण बसली. त्याने आपले दोन सर्वांत चपळ खेळाडू फक्त तुफानांवर सोडले. तुफान सामनाभर उजव्या कडेने सावकाश वर-खाली करत राहिले. ते दोघे त्यांच्या दोन बाजूंनी सावकाश वर-खाली करत राहिले. मधे पडलेल्या त्या प्रशस्त मोकळ्या जागेतून कप्तान, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता, चेंडू घेऊन निघाला आणि शेवटच्या मिनिटाला गोल करून आला.

कप जवळून पाहिला तर त्याचा एक कान चेपलेला होता. कप्तानाने तो छातीशी धरला आणि लहान मुलासारखा रडला. मग कप हातात घेऊनच तो सासऱ्यांना शोधत गेला. ते गवतावर पाय पसरून बसले होते, आणि त्यांना सामनाभर राखणारी दोन पोरं त्यांच्याकडून राईट विंगच्या युक्त्या शिकत होती.

"बाबा, तुमच्यामुळे जिंकलो," कप्तान म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं. "फक्त पुढच्या वर्षीचं काय? माझी मुदतवाढ?"

"अर्ज करा. बघू, कामगिरी समाधानकारक वाटली तर शिफारस करीन."

"आणि तुमचं?"

तुफानांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी जावयाच्या खांद्याचा आधार घेतला, जमिनीवरून उठले आणि पँटवरचं गवत झटकलं.

"माझं काय? मी कायम आहे."