सिप्रियन आजोबांचा कोरा रकाना

नाव:

माझ्या आजोबांची, म्हणजे सिप्रियन आजोबांची, शंभरी मी अशी साजरी करणार होतो की आमच्या पाचूबंदरच्या होड्यासुद्धा किनारा सोडून मांडवात येऊन बसल्या असत्या! बँड सांगितला. केक सांगितला. 'शंभर नॉट आउट' असा बारा फुटी बॅनर छापून घेतला. त्यावर आजोबांपेक्षा माझा फोटो जरा मोठा आला, ती छापणाऱ्याची चूक!

फादर म्हणाले, "मिस्साच्या प्रार्थनेनंतर सत्कार करू. तेवढा बाप्तिस्म्याचा दाखला बघून ठेवा, रॉबर्ट."

"दहा मिनिटांचं काम, फादर!"

पुढचं सगळं त्या दाखल्याच्या रकान्यांतच सांगतो. दुसरं काही आता मला सुचत नाही.

जन्मतारीख:

(तूर्त कोरा ठेवावा. मलाही कोराच मिळाला.)

बाप्तिस्म्याची तारीख:

दहा मिनिटांचे अकरा दिवस झाले! चर्चच्या ऑफिसात ब्रिटनी नावाची मुलगी बसते. तिने आणि मी जुनी रजिस्टरं चाळली. पानं अशी की हात लावला की पापड मोडावा! मी श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेत होतो. सिप्रियन सापडले सात. आमचा एकही नाही. आजोबांची पाचही धाकटी भावंडं मात्र शाळेत हजेरी द्यावी तशी ओळीने हजर!

"अंकल, आजोबांचा बाप्तिस्मा झालाच नसेल तर?" ब्रिटनी सहज म्हणाली.

घरी आलो तर ओट्यावर शेजारचा फर्डिनंड. त्याला मी हे सांगितलं. (इथे लाल शाईने 'घोडचूक' असं लिहावं.)

"बाप्तिस्मा नाय? मंग चर्चातलं लगीन पन गेलं!" तो बोटं मोजू लागला. "लगीन गेलं म्हंजे तुजा बाप..."

"फर्डिनंड!"

"मी नाय बोलत बाबा, नियम बोलतो!"

संध्याकाळपर्यंत बातमी अख्ख्या बंदरावर. मांडव आहेच, तर सत्काराऐवजी बाप्तिस्माच उरका, असं चौघांचं मत पडलं. आजोबांना मांडीवर कोण घेणार, यावर वाद झाला. बँडवाल्याचा फोन आला, "बाळाचं नाव काय ठेवताय?"

मी हसत हसत आत गेलो. आजोबांचं ताट तसंच होतं. बोंबलाला हातसुद्धा लावला नव्हता.

"रॉबर्ट," ते म्हणाले, "मंग मार्गारेट माझी कोन?"

मार्गारेट म्हणजे आमची आजी. नऊ वर्षांपूर्वी गेली. दर रविवारी आजोबा तिच्या कबरीपाशी उभे राहून आठवड्यात कुणाच्या जाळ्यात काय आलं ते तिला सांगतात.

"तिच्या बाजूला जागा ठेवलीय मी. आता तिथं निजू देतील काय मला?"

माझ्याकडे नुसता बॅनर होता.

आई:

हा रकाना माझ्या बायकोने, प्रिस्काने, भांडी घासता घासता भरला.

"आजोबा थोरले ना हो?"

"हो."

"आपला थोरला, जोएल, कुठे जन्मला?"

"तुझ्या माहेरी."

"बाप्तिस्मा?"

"तिथेच. तुझ्या पप्पांनी तर..."

"आजोबांच्या आईचं माहेर कुठलं?"

"अर्नाळा."

"मग अकरा दिवस पाचूबंदरात काय हुडकत होता? धाकटी सगळी हजर, थोरला गायब! कुठल्याही बाईला विचारलं असतंत!"

"तुला विचारणारच होतो."

"मला विचारलंत, केकवर काजू की बदाम!"

शेरा:

दुसऱ्या दिवशी आजोबांना घेऊनच रिक्षाने अर्नाळा गाठलं. तिसऱ्याच रजिस्टरात सापडले! सिप्रियन. वडिलांचं नाव बरोबर, आईचं बरोबर. मी असा ओरडलो की तिथल्या फादरांच्या कपातला चहा बशीत आला.

आजोबांचं बोट मात्र समासावर होतं. तिथे वेगळ्या शाईत एक बारीक ओळ होती.

"ह्ये काय लिवलंय?"

"लग्न झालं की त्या चर्चमधून कळवतात, मग इथे नोंद करतात," फादर म्हणाले आणि वाचू लागले, "मार्गारेट हिच्याशी विवाह..."

"सहा मे," आजोबा म्हणाले.

"...सहा मे," फादरांनी वाचलं.

आजोबांनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "रॉबर्ट, भूक लागली!"

एवढं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं! त्याच आनंदात मी वरचा कोरा रकाना भरायला गेलो. जन्मतारीख वाचली. वर्षं बोटांवर मोजली. मग मोबाइलवर मोजली.

सत्त्याण्णव!

"बॅनर ठेव जपून," आजोबा रिक्षात चढता चढता म्हणाले. "तीन वरसांनी लागंल."

घरी येऊन प्रिस्काला सगळं रंगवून सांगितलं. सहा मेचं तर दोनदा सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पंचाहत्तर वर्षं झाली, तरी आजोबांना तारीख पाठ! आपल्या लग्नाची कुठली हो?"

मी पाणी प्यालो. बॅनरची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

उद्या सकाळी ब्रिटनीकडे जायचं आहे, माझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा समास बघायला. दहा मिनिटांचं काम!