दीडशे किलो शिल्लक

केमिस्टने झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोटरहोम भाड्याने घेतली, ती बायकोसोबत मुलीकडे जायला. पेटीत बायकोचं जुनं शिलाईयंत्र होतं. मुलीने नवं दुकान थाटलं होतं आणि पहिला टाका याच यंत्रावर घालायचा तिचा हट्ट होता. गाडीवाल्याने मात्र बजावलं होतं, भरलेली गाडी माणसांसकट पस्तीसशे किलोच्या आत असल्याची वजनकाट्याची पावती दाखवा, मगच प्रवासाला निघा.

केमिस्टचं आयुष्य चिमटीएवढी पावडर तोलण्यात गेलेलं. त्याने दुकानातल्या मागच्या खोलीतला लोखंडी तराजू घरी आणला आणि चमच्यापासून चादरीपर्यंत सगळं तोलून वहीत टिपलं. रिकामी गाडी एकोणतीसशे, सामान साडेचारशे.

"दीडशे किलो शिल्लक!" तो खुशीत म्हणाला.

वजनकाट्यावर नवरा-बायको दोघं गाडीतच बसून होते. काटेवाल्याने खिडकीतून आकडा सांगितला, "पस्तीसशे त्र्याहत्तर."

"काटा बिघडलाय तुमचा."

"साहेब, तुम्ही दोघं वहीत आहात का?"

"माणसं म्हणजे सामान थोडीच?"

"एकशे पंचेचाळीस किलो तरी भराल. आणि टाकीत पाणी?"

"चाळीस लिटर. पाणी लिटरात असतं हो, किलोत कुठे?" एवढं बोलून केमिस्ट स्वतःच ओशाळला.

पाणी सोडलं. तरी तेहतीस किलो जास्तच. केमिस्टने वही चाळली आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"शिलाईयंत्र, चौतीस किलो. हेच उतरवू."

"मग मीही उतरते," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पोरीला काय तोंड दाखवू?"

केमिस्टचं डोकं चालेना. त्याने पुन्हा बेरीज केली. बरोबर होती. गाडी तरी खोटं बोलत होती किंवा वही.

"अहो," बायकोने मागे वळून विचारलं, "चादरीखाली काय आहे ते?"

"आपला तराजू. वाटेत काही घेतलं, तर तोलायला नको?"

"वहीत आहे?"

"नाही."

"का?"

"अगं, तो स्वतःवर कसा ठेवणार?"

दोघांनी मिळून तराजू उतरवला आणि परत गाडीत जाऊन बसले. काटेवाला ओरडला, "पस्तीसशेला पाच कमी! तराजू भरला अडतीस. टिपून घ्या, साहेब. तो ठेवतो मी, येताना न्या."

केमिस्टने पेन काढलं.

"आणि वहीचं वजन टिपलंत का?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

केमिस्टने वही तळहातावर जोखून पाहिली, आणि हळूच खिडकीतून तराजूकडे बघितलं.