दुर्रीची जोडी आणि सासऱ्यांची किल्ली

निर्णय घ्यायचं धैर्य नसलेल्या माणसाला संख्याशास्त्राइतका भक्कम आधार दुसरा नाही. मी त्याच खात्यात बावीस वर्षं आहे, त्यामुळे हे अधिकारवाणीने सांगतो.

प्रश्न घरगुती होता. सासऱ्यांनी गाडी चालवणं थांबवावं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेखी कळवलं होतं. महिन्याभरात त्यांनी फाटकाला दोनदा धडक दिली होती (दोन्ही वेळा चूक फाटकाची निघाली). आता त्यांच्याकडे किल्ली मागायची कोणी? सासऱ्यांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. मला आणि मेहुण्याला त्यांनीच शिकवलं. क्लच चुकला की ते जे बोलत, ते आम्हा दोघांना अजून पाठ आहे.

सबब रविवारी दुपारी आमची द्विसदस्यीय समिती पोकर खेळायला बसली. पैशांऐवजी शर्टाच्या गुंड्या. ज्याच्या गुंड्या संपतील त्याने किल्ली मागायची. प्रत्येकाला दोन पानं, मग मध्ये पाच उघडायची. सातांतून ज्याचा मेळ सरस, डाव त्याचा.

मला दुर्रीची जोडी आली. मेहुणा दातांचा डॉक्टर; पानं एक्स-रेसारखी उजेडाला धरतो, त्यामुळे ती मलाही दिसतात. त्याच्याकडे एक्का आणि राजा होते, वेगवेगळ्या रंगांचे. त्याने सगळ्या गुंड्या पुढे सरकवल्या.

"पानं टाका आणि पुढचा डाव घ्या," बायको म्हणाली. "दुर्री ती दुर्रीच."

मी तिला समजावलं. मधलं एकही पान उघडलेलं नसताना माझ्याकडे निदान जोडी आहे. समोरच्याकडे नुसता रुबाब. अशा शंभर डावांत साधारण साडेबावन्न मी जिंकणार. (अर्धा डाव कसा जिंकतात, असं तिने विचारलं. खात्यात असं कोणी विचारत नाही.) या विवेचनाला पाऊण तास लागला आणि कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. आपली पानं मला कशी कळली, हे न विचारण्याचा सभ्यपणा मेहुण्याने दाखवला. मग मीही सगळ्या गुंड्या लावल्या.

तिसऱ्याच पानाला राजा पडला आणि मेहुण्याची राजांची जोडी झाली. पुढची दोन पानं केवळ नियमाप्रमाणे उघडली. उरलेल्या साडेसत्तेचाळीसांत मी जाऊन पडलो होतो, आणि तिथे सोबतीला कोणी नव्हतं.

तीन नम्र वाक्यं घोकत मी सासऱ्यांच्या खोलीत गेलो. खोली रिकामी.

"बाबा कुठेत?"

"पाऊण तास झाला जाऊन," सासूबाई म्हणाल्या. "नातीला पोहायला घेऊन गेलेत, गाडीने. तुम्हाला सांगून गेले की! तुम्ही लिहिता लिहिता मान डोलावलीत."

मी आणि मेहुणा फाटकाशी जाऊन उभे राहिलो. वीस मिनिटं. दोघांपैकी कोणीही कसलाही आकडा उच्चारला नाही.

गाडी आली, अगदी सावकाश. आधी माझी मुलगी उतरली, ओल्या केसांची, धडधाकट. मागून सासरे. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"घ्या, जावईबापू. सिग्नल लाल की हिरवा, ते आज हिने सांगितलं. दोन महिने वाट बघतोय, कोणीतरी मागेल म्हणून."

वाचकहो, आपण मला हसलात, ते रास्तच आहे. पण मी पाऊण तास कागद भरत होतो, तेव्हा गाडी कुठे आहे, हे आपणही विचारलं नाहीत.