भोकाचं मडकं

दगडूतात्यांनी पहिल्यांदा भोकाचं मडकं मागितलं, तेव्हा कुंभारणीने आधी गळा काढला आणि मग विचारलं, "कोन गेलं वं?"

"कोन न्हाई गेलं. दोडका लावायचाय," तात्या म्हणाले.

आमच्या पारनेरकडे भोकाचं मडकं माणसाला एकदाच लागतं, चितेभोवती फिरवायला. तात्यांना हवी होती आठ. संध्याकाळपर्यंत गावात पटकीची साथ आल्याची बातमी पसरली. ती खोटी आहे हे घरोघर सांगत फिरायचं काम, शाळामास्तर म्हणून, नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. विहिरींचे तळ दिसत होते. गाव दिवसभर खडी फोडायचं आणि परत येऊन टँकरपुढे भांडायचं. घरटी दोन हंडे. रांग लावायची मी. भांडायलासुद्धा कुणाच्या अंगात फारसं त्राण उरलं नव्हतं. अशात माझे शेजारी तात्या, साठी उलटलेले, मूलबाळ नसलेले, परसात भाजी पिकवायला निघाले होते.

त्यांची रीत साधी. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात घट्ट चिंधी. मडकं वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा. पाणी चिंधीतून पाझरत थेट मुळांना मिळे. उन्हाला नाही, तणाला नाही.

"काय तात्या, वेलांना पाणी सोडलंत का?" मी एकदा सहज विचारलं.

"गुरुजी, सोडत्यात ते पाटाला. तान्ह्या पोराच्या अंगावर कुनी बादली सोडतं व्हय? सोडायचं न्हाई, पाजायचं!"

हे वाक्य गावातल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं. घरी आलेला पाहुणा चूळ भरायला उठला, की तात्या त्याचा दंड धरून परसात नेत. "हितं भरा, वांग्यापाशी." माझ्या बायकोने भांडी विसळलेलं पाणी मोरीत ओतलं, तर कुंपणापलीकडून आवाज येई, "मास्तरीनबाई, आज बारसं हाय का लगीन? लई उधळपट्टी चाललीया!"

एकदा मात्र मी वैतागलो. रांगेत तात्या तिसऱ्या हंड्यासाठी अडून बसले होते.

"तात्या, इथे माणसांच्या घशाला कोरड, आणि तुम्हाला दोडके सुचतायत!"

"दोडके न्हाई, गुरुजी. एकच पायजे." त्यांचा आवाज खाली आला. "ती म्हनती, औंदा परसातला दोडका खाईन, मंग जायचं तिथं जाईन."

त्यांची बायको, गुणाकाकू, दिवाळीपासून खाटेवर होती. तिसरा हंडा काही मिळाला नाही. नियम सगळ्यांना एकच. तात्यांनी मग आपल्या अंघोळीवर पाणी सोडलं. आयुष्यात त्यांनी पाणी सोडलं ते तेवढंच.

पाडव्याच्या सुमाराला दोडका वीतभर झाला. काकूंनी दोन घास खाल्ले आणि पडल्या पडल्या हुकूम दिला, "शिरा टाकू नगा. चटनी वाटा."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मडक्यासाठी कुंभाराकडे जावं लागलं नाही. तात्यांच्या पडवीत उरलेली दोन मांडून ठेवलेलीच होती. कुणीतरी घाईत एक उचललं, भरलं आणि मसणवट्यात आणलं.

तात्या ते खांद्यावर घेऊन चितेभोवती निघाले. मागे धार लागायला हवी होती, लागेना. एक थेंब पडे, मग बऱ्याच वेळाने दुसरा. बुडाची चिंधी तशीच राहिली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. खडी फोडून दमलेली माणसं या पायावरून त्या पायावर होत उभी होती. शेवटी भावकीतला एक जण पुढे झाला.

"तात्या, थांबा जरा. चिंधी वढतो, पानी सुटू द्या."

तात्यांनी मडकं खांद्यावरून उतरवून छातीशी धरलं.

"ऱ्हाऊ दे बाबा," ते म्हणाले. "पाजतुय मी."