मोटारीला गिलावा

मोटार गंजू द्यायची नाही, एवढाच काय तो माझा निश्चय होता. माणसं तपकीर सोडायचा निश्चय करतात, पहाटे उठून तालमीत जायचा करतात, आणि दोन दिवसांत मोकळी होतात. माझा निश्चय दुर्दैवाने टिकला.

सोलापुरात मोटार गंजेल कशी, असं तुम्ही विचाराल. (चंद्रव्वानेही हेच विचारलं होतं. चंद्रव्वा म्हणजे आमचं कुटुंब.) आमच्याकडे पाऊस येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा, पाटावर बसायलासुद्धा थांबत नाही. पण ही मोटार मुळात मुंबईची. आमच्या गिरणीतल्या विलायती वीव्हिंग मास्तरांनी ती तिकडून आणली होती, आणि समुद्राच्या हवेने तिच्या पोटाखाली तांबडे पापुद्रे धरले होते. साहेब कायमचे विलायतेला निघाले तेव्हा त्यांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या गुणांचं असं काही वर्णन केलं की साहेबांना स्वतःची ओळख पटेना. त्या भरात त्यांनी ही मोटार जवळजवळ फुकटच माझ्या गळ्यात घातली. मी गिरणीच्या ऑफिसातला साधा क्लार्क. आदल्या दिवशी पायी ऑफिसात गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी मोटारवाला गुरुबसप्पा झालो.

त्याच सुमारास चंद्रव्वाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. माझे सासरे रुद्रप्पा हे अक्कलकोटचे धान्याचे व्यापारी. पोतं उचलून पाहताच आत किती माती आहे ते सांगत. मलाही त्यांनी लग्नाच्या बोलणीतच असं जोखलं होतं, आणि पुढे मत बदलायची त्यांना गरज वाटली नाही. माझे थोरले साडू दर सणाला घुंगरांच्या बैलांची दमणी घेऊन थेट दारात उतरायचे. आम्ही सर्व्हिस मोटारीतून कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसून यायचो आणि पुढे ट्रंक घेऊन चालत जायचो. चंद्रव्वा त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती. मोटार दारात उभी राहिली तेव्हा मात्र तिने तिच्या मडगार्डवरून पदर फिरवला आणि म्हणाली, "एकदा अप्पांच्या दारात हिच्यातून उतरायचंय मला. मग विकलीत तरी चालेल."

तिचं ते तोंड पाहून मला भरून आलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं हे पहिलंच. मी तिथल्या तिथे शब्द दिला, आणि तिने तो शब्द लगोलग अक्कलकोटभर पोचवला.

मला मोटार शिकवली मैनुद्दीनने. तो सांगोल्याच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता. एका रविवारी त्याने मोटारीखाली पडून चंद्रव्वाच्या जागेच्या खालचा पत्रा बोटाने दाबून पाहिला. बोट आरपार वर आलं.

"साब, नीचे कुछ तो बी लगाव," तो म्हणाला. "नै तो मोटार आगे जाएगी, और बाई सडक पो बैठे रहेंगे."

झालं, मोटारीच्या पोटाला काय लावावं हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या गल्लीचा झाला. मैनुद्दीन म्हणाला डांबर लावा. पण सोलापूरच्या वैशाखात डांबर रस्त्यावरसुद्धा जागेवर राहत नाही, ते माझ्या मोटारीखाली कुठलं राहणार. घोंगडी विकायला येणाऱ्या बिरप्पाने मेंढीची चरबी सुचवली. धनगर पावसात चालतो तो चरबीच्या जोरावर, असं त्याचं म्हणणं. ते ऐकताच चंद्रव्वाने स्वयंपाकघरातून सांगितलं, की आमच्या लिंगायताच्या दारात चरबी आली तर आपण दुसऱ्या दाराने माहेरी जाऊ. ऑफिसातल्या हेडक्लार्कांचा कौल जवसाच्या तेलाला पडला. ते लावूनही पाहिलं. गल्लीतली सगळी धूळ तेलाला चिकटली आणि मोटारीला खालून लव फुटली.

मग मला ती कल्पना सुचली. (माझ्या कल्पनांना मी कधी बोलावत नाही, त्या आपण होऊन येतात.) संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यावर फिरायला गेलो होतो. समोर आमचा भुईकोट किल्ला. शेकडो वर्षं पाण्यात पाय सोडून बसलाय आणि त्याला सर्दीसुद्धा झालेली नाही. हा किल्ला बांधणाऱ्यांनी त्याला डांबर फासलं होतं की जवसाचं तेल? त्यांनी बैलाच्या घाणीत मळलेला चुना वापरला; त्यात गूळ, बेलफळाचा गर आणि तागाचे तुकडे. जो गिलावा किल्ल्याला चालतो तो मोटारीला का चालू नये? मी तिथेच स्वतःची पाठ थोपटायचा प्रयत्न केला, पण हात पोचला नाही.

मायाप्पा गवंडी आला, मोटारीभोवती फिरला आणि पागोटं काढून डोकं खाजवू लागला. आपण देवळं लिंपली, विहिरी बांधल्या, पण चाकं असलेलं काम हे पहिलंच, असं तो म्हणाला. ही चाकांवरची भिंत आहे असं समज, असं मी त्याला समजावलं. गल्लीतल्या विणकरांनी हातभार लावून मोटार घरासमोरच्या लिंबाच्या झाडाला एका कुशीवर टेकवली आणि मायाप्पाने थापी हातात घेतली. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली.

"सायेब, हितं खाली बारक्या बारक्या सळया हायत्या. हालत्यात. त्येंचं काय करू?"

मी कोटाच्या खिशात हात घालून उभा होतो. असा उभा राहिलो की मला सगळंच कळतं असं मला वाटतं.

"मायाप्पा, तसूभर जागा उघडी सोडायची नाही. पाण्याला शिरायला फट दिसता कामा नये."

"मग हालणारं काय ऱ्हाणार न्हाय बगा."

"उत्तम," मी म्हणालो.

मायाप्पाने जीव ओतून काम केलं. कोपरे गोल केले, कडा उचलून घेतल्या आणि शेवटी गारगोटीने घोटून मोटारीचं पोट असं गुळगुळीत केलं की ते खाली राहणार याचं मला वाईट वाटलं. जाताना तो सांगून गेला, की पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, नाहीतर तडे जातील.

म्हणजे झालं असं, की ज्या मोटारीला पाणी लागू नये म्हणून हा खटाटोप, तिला मी रोज दोन वेळा घागरीने पाणी घालू लागलो. तेही गल्ली नळावर रांग लावून उभी असताना. पाणी लागू नये म्हणून जे लावलं त्यालाच पाणी का घालायचं, असं चंद्रव्वाने विचारलं. मी तिला त्यामागचं शास्त्र सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि घागर माझ्या हातात दिली. समोरच्या नागम्माने मोटारीला कोंब कधी फुटणार याची चौकशी केली. त्यातच गुळाचा वास सुटला. नवी पेठेतल्या वाण्यांच्या दुकानातल्या मुंग्यांनी बिऱ्हाडं हलवून आमच्याकडे मुक्काम केला आणि गल्लीतल्या शेळ्या मोटारीखाली मान घालून चाटत बसू लागल्या. मैनुद्दीन असता तर त्याने वेळीच काही सांगितलं असतं, पण त्याची मोटार तेव्हा सांगोल्यालाच बंद पडली होती.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत लग्न आलं. गिलावा वरून सुकला होता, आतून ओला होता. निघताना सगळं सुरळीत चाललं. चंद्रव्वा नवं इरकल नेसून, मांडीवर शेंगापोळ्यांची टोपली घेऊन माझ्या शेजारी बसली होती. मोटार जरा जड चालत होती, पण चंद्रव्वाच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून मला वाटलं, की सगळ्या मेहनतीचं चीज झालं.

वळसंग मागे पडलं आणि ऊन चढलं. वरून सूर्य, पुढून इंजिन. गिलावा भराभर वाळू लागला. स्टिअरिंग जड लागू लागलं तेव्हा मला वाटलं, मोटार आता माझ्या हाताखाली शिस्तीत आली. पुढे ते जेमतेम अंगठाभर फिरू लागलं. अक्कलकोटच्या अलीकडे रस्ता सुतासारखा सरळ होतो. तिथे ते फिरायचं अजिबात थांबलं आणि रस्ताच सरळ असल्याने माझ्या लक्षातही आलं नाही.

सासऱ्यांचं घर गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागूनच. दारात मांडव. वाजंत्री सज्ज, बायका आरत्या घेऊन उभ्या, रुद्रप्पा जरीच्या पटक्यात पुढे, आणि थोरले साडू आपल्या बैलांजवळ कसनुसं तोंड करून. मी ऐटीत रबरी भोंगा वाजवला. सनई सुरू झाली. चंद्रव्वाने पदर सारखा केला आणि सगळ्यांकडे पाहून हसली. मी ब्रेकवर पाय दिला. पाय जणू दगडी पायरीवर पडला.

"अहो, घर आलं," चंद्रव्वा म्हणाली.

"दिसलं."

"मग थांबवा की."

"थांबत नाही."

"मग वळवा तरी."

"वळत नाही."

दारासमोरच्या ओघळीत मोटार उडाली आणि मांडव मागे जाऊ लागला. चंद्रव्वाने तोंडावरचं हसू तसंच ठेवलं आणि ओठ न हलवता विचारलं, "मग हिला होतं तरी काय?"

"गंजत नाही," मी म्हणालो.

(इंजिन बंद करायची किल्ली असते हे मला ठाऊक होतं. ती कुठे असते हे त्या क्षणी आठवेना.) मागे सनई थांबली. चंद्रव्वाने समोर पाहत टोपली छातीशी धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मोटारीपेक्षा मला त्याचीच भीती वाटली. आपण हिचा एवढा एकच दिवस होता तोही मातीत घातला, असं मनात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रस्ता पुढे टेकाडावरच्या मल्लिकार्जुनाच्या देवळाकडे सरळ चढत जातो. अंगावर किल्ला घेतलेल्या मोटारीला तो चढ झेपेना. ऐन देवळाच्या दारासमोर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मी कपाळाला हात लावला. चंद्रव्वाने समोरच्या देवाला हात जोडले. आणि मोटार मागे चालू लागली.

मागे, पण अगदी सरळ. आम्ही दोघं देवळाकडे तोंड करून, हात जोडून (मीही जोडले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं) उताराने उलटे खाली येत होतो. मागून धावत आलेली माणसं दोन्ही बाजूंना सरली. मागची चाकं दारासमोरच्या त्याच ओघळीत जाऊन बसली आणि मोटार मांडवाच्या तोंडाशी थांबली. मी डोळे मिटून सासऱ्यांच्या तोंडून काय ऐकावं लागतं त्याची वाट पाहत राहिलो.

"बघा," रुद्रप्पांचा भारावलेला आवाज आला. "आधी देवाला गेला, मग सासऱ्याच्या दारात आला. लोक देवळातून निघताना देवाला पाठ नको म्हणून चार पावलं उलटी येतात. माझा जावई घरापर्यंत उलटा आला."

सनई पुन्हा सुरू झाली. बायकांनी आरती आधी मला ओवाळली आणि नंतर मोटारीला. चंद्रव्वा उतरली ती एखाद्या संस्थानच्या राणीसारखी. उतरताना तिने माझा हात असा घट्ट दाबला, की अजून आठवला तरी बरं वाटतं. थोरल्या साडूंच्या दमणीकडे त्या दिवशी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नवरानवरीला घेऊन पुन्हा तसंच देवदर्शन करवा, असा पाहुण्यांनी लकडा लावला, तेव्हा चंद्रव्वानेच सांगितलं की हा ह्यांचा नवस होता, आणि नवस एकदाच फेडायचा असतो.

परत येताना मोटारीला बैल जुंपावे लागले. बैल थोरल्या साडूंचेच होते. (वाटभर ते नुसते शीळ घालत होते.) मैनुद्दीनने मोटारीखाली डोकं घातलं, बराच वेळ ते बाहेर काढलं नाही, आणि मग एवढंच म्हणाला, "साब, ये तो बुरूज है."

मोटार घरासमोर लिंबाखाली उभी राहिली. त्या वर्षी हस्ताने सोलापूरला झोडपून काढलं. फाटक्या टपातून पाणी आत पडलं, आणि खाली मायाप्पाचा गिलावा असल्याने एक थेंब बाहेर जाईना. पत्रा पाण्यात उभा राहून राहून आतून गंजला, दारं गळून पडली, पुढचा भाग लिंबाच्या बुंध्यावर कलला. पुढे एकदा मायाप्पा रस्त्याने जाताना मुद्दाम थांबला. वाकून त्याने बोटांनी गिलावा वाजवून पाहिला आणि त्याचं तोंड उजळलं.

"सायेब, केसाएवडी भेग न्हाय. पर हे वरचं लोखंड लई गंजलंय. त्येचं तांबडं पाणी झिरपून गिलाव्याला डाग पडत्याल. तेवडं काडून टाका."

मी भंगारवाल्याला बोलावून मोटार काढून टाकली. ह्यांनी मोटार देवाला वाहिली, असं चंद्रव्वाने माहेरी कळवलं आहे, आणि तू दमणी कधी वाहतोस असं अप्पा थोरल्या साडूंना अधूनमधून विचारत असतात. गिलावा मात्र लिंबाखाली अजून जसाच्या तसा आहे. उन्हाळ्यात चंद्रव्वा त्याच्यावर पापड वाळत घालते आणि कावळे हाकायला मला बसवते. सवयीने मी बसतो ड्रायव्हरच्याच जागी.