पांढरी चारच्या जरा वर

राघो मांजरेकरने तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि बाळाराम भोईरने पेटीचा भाता हलवला.

"पांढरी चार," बाळाराम म्हणाला. मग कान टवकारून त्याने मान हलवली. "न्हाय. जरा वर हाय. पन काळी तीनबी न्हाय. दोघींच्या मदी कुटंतरी लटकलाय सूर."

"मध्ये पट्टी असते काय रे?"

"आपल्यात न्हाय. तेंच्यात असंल."

राघोच्या कंपनीतला परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ही तबकडी त्याला देऊन गेला होता. आजच्या काळातल्या कुणा संगीतकाराची, मोठ्या वाद्यवृंदाची, एवढंच त्याने सांगितलं होतं. वेष्टनावर नुसतं करडं पाणी आणि न वाचता येणारी अक्षरं. राघोकडे आजवर सिनेमातल्या गाण्यांच्या लहान तबकड्याच होत्या. ही थाळीएवढी मोठी त्याने त्यांच्यासारखीच लावली. व्हायोलिनं धावत सुटली, बासऱ्या चिवचिवल्या, मागून ढोल तुरुतुरु चालत आला.

"पण म्हणायचंय काय त्यांना?" राघोला राहवेना.

"गाडी चुकत असेल कुणाची," आतून सुगंधा, त्याची बायको, म्हणाली.

"लगीन हाय, वहिनी," बाळारामने निकाल दिला. भाईंदर गावात त्याचा स्वतःचा बँड होता, आणि मिठागरवाल्या धर्माजी पाटलांच्या मंजुळाच्या लग्नात काहीतरी नवं वाजवायचं त्याने छातीठोकपणे कबूल केलं होतं.

तालीम सुरू झाली. क्लॅरिनेटवाला लालबुंद होऊन थांबला. "मास्तर, श्वास कुटं घ्यायचा?"

"वरात पोचल्यावर."

लग्नाच्या सकाळी कमाल झाली. चहा गार मिळाला म्हणून रुसलेली वरमाय, चंपाबाई, त्या सुरांवर पदर खोचून नाचली. धर्माजींनी बाळारामच्या पाठीवर थाप मारली.

जेवणं उरकल्यावर नवऱ्या मुलाचे दाजी बाळारामला शोधत आले. घोडबंदरचे हे गृहस्थ पूर्वी आगबोटीवरच्या बँडमध्ये कर्णा वाजवायचे. "हे आणलंत कुठून? मला ऐकवा की."

बाळाराम अभिमानाने त्यांना राघोकडे घेऊन गेला. दाजींनी तबकडी उजेडात धरली, मधला कागद पाहिला, मग यंत्राचा वेगाचा खटका पाहिला आणि तो पंचेचाळीस फेऱ्यांवरून तेहतीसवर सरकवला.

खोलीत जणू संध्याकाळ झाली. व्हायोलिनं खोल आवाजात हळूहळू चालू लागली. बासऱ्या हुंदके देत होत्या. ढोल पावलं मोजत मागून येत होता. बाळारामचं बोट आपोआप पेटीवर गेलं. पांढरी एक. सूर अगदी चपखल बसला.

"भाषा मलाही येत नाही," वेष्टनावरचं करडं पाणी बघून दाजी टोपी काढत म्हणाले, "पण बुडालेल्या माणसांसाठी असावं."

"मेलो!" बाळारामने कपाळावर हात मारला. "पाटलाच्या मांडवात मी मर्तिकाचं वाजवलं! दाजी, तुमच्या पाया परतो, कुनाला बोलू नका."

"नाही बोलणार. पण पाठवणीला हे असंच, संथ वाजवा. माझ्या कानांना बरं वाटेल. आणि पाठवणीला रडतातच की लोक."

बाळारामला ते पटलं. मुलगी निघताना बँडने पांढरी एक धरली. पहिल्या ओळीला मंजुळाची आई रडली. दुसऱ्या ओळीला धर्माजी खांबाला टेकले. तिथवर ठीक होतं. पण मग चंपाबाईच सुनेच्या गळ्यात पडल्या. "माजे बाय, तुला आईपासून कशी तोडू गं? ऱ्हा तू इथंच!"

"असं कसं, ऱ्हा?" नवरा मुलगा दचकला.

"तूबी ऱ्हा!" सासरे धर्माजी हुंदका देत म्हणाले.

घोडबंदरला जायची बस घुरघुरत उभी होती. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. राघोही रडत होता, आणि रडता रडता आपण रडतोय कशासाठी याचंच त्याला नवल वाटत होतं. कुणी कुणाला सोडेना. बाळाराम घाबरून वाजवत राहिला. थांबलो तर लोक विचारतील, हे काय होतं?

शेवटी मंजुळानेच सासूचे हात गळ्यातून सोडवले, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि बँडकडे वळून म्हणाली, "बाळारामकाका, माजं लगीन झालंय. मला जायाचा हाय. ते सकालचं वाजवा!"

बाळारामने दाजींकडे पाहिलं.

"वाजवा, वाजवा," नाक पुसत दाजी बसची पायरी चढले. "नाहीतर आम्ही घरी कधी पोचणार?"