बाबली मास्तरांचं मत

बाबली मास्तरांच्या हजेरीपटावर कुणी गैरहजर नसायचं. जे मूल आलं नाही, त्याच्या नावापुढे ते ठसठशीत अक्षरांत ‘स्वतंत्र’ असं लिहीत. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, “हे सात विद्यार्थी स्वतंत्र आहेत, म्हणजे नेमके आहेत कुठे?”

“दोघे न्हंयर मासे धरूक गेलेत, एकटो आजयेगेर. बाकीचे सांगून गेले नाय. तेंची मर्जी.”

“आणि हे वर्गात बसलेत ते?”

“ते रवलेत,” मास्तर म्हणाले. “तीय तेंचीच मर्जी.”

साहेब स्वागताला दिलेला नारळ तसाच ठेवून पणजीला परत गेले.

हळर्णजवळच्या त्या शाळेत मी गणित शिकवायचो. गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि आमच्या स्टाफरूममध्ये कोकणी की मराठी यावरून रोज चहा निवत असे. मास्तर त्यात पडत नसत. “खंयच्याय भाषेत शिकवा,” ते म्हणत. “पोराक मास्तराच्या तोंडार ‘नाय’ म्हणूक इला, की शिक्षण पुरा झाला.” या मापाने माझा सातवीचा वर्ग केव्हाच पदवीधर झालेला होता.

समोरच्याच्या स्वातंत्र्यावर गदा येऊ नये म्हणून ते कुणालाच काही सांगत नसत. फक्त विचारत, “तुका काय वाटता?” सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला आणि त्याने “किती देऊ?” म्हटलं, की मास्तर म्हणत, “तुका काय वाटता?” पोदेराला नेहमी बरेच पाव द्यावेसे वाटत. घरात माणसं दोनच, मास्तर आणि त्यांची मुलगी रत्ना. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. संध्याकाळपर्यंत त्या घरी जाईल त्याला चहाबरोबर पाव खावा लागे. हाच प्रश्न त्यांनी एकदा न्हाव्यालाही विचारला, आणि दुसऱ्या दिवशी मास्तर मिशीशिवाय शाळेत आले.

पण त्यांचा खरा राग होता कौलावर. आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक करायची असो, आधी देवळात कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावतो आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. “माणसान आपला मन देवीच्या अंगाक चिकटवन ठेवचा,” मास्तर चिडून म्हणत, “नि मगे शाळा कशाक काढूच्यो?”

पुढे रत्ना बारावी झाली आणि तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी परभणीला जायचं, तेही चांगली पाच वर्षं. परभणी कुठे आहे, हे आमच्या भूगोलाच्या बाईंनासुद्धा नकाशात शोधावं लागलं. अर्जावर वडिलांची सही हवी होती. रत्नाने तो पुढ्यात ठेवला आणि विचारलं, “बाबा, तुमका काय वाटता?”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मास्तरांना हे विचारलं असावं. ते उठले आणि माडांना पाणी घालायला गेले. त्या दिवशी सकाळपासून पाऊस पडत होता. पुढचा आठवडाभर अर्ज बिनसहीचा त्यांच्या खिशात फिरत राहिला.

त्याच आठवड्यात बायकोच्या आग्रहाखातर मी देवळात गेलो. मला डिचोलीला बदली मागायची होती आणि तिला त्याआधी कौल हवा होता. मास्तरांच्या कानी जाऊ नये म्हणून मी मुद्दाम भरदुपार गाठली. सभामंडपात पाऊल टाकलं आणि चटकन खांबाआड झालो. देवीसमोर हात जोडून बाबली मास्तर उभे होते.

कौलात एक अडचण असते. गाऱ्हाणं मनातल्या मनात घालता येत नाही. गुरवाचा आवाज कळसापर्यंत चढला, “आई माये, ह्या तुज्या लेकराचा एकच चेडू! ताणी परमुलखाक जांव नये, बापाशीकडेन रवाचा, असा तुज्या मनात आसात तर उजवो दी!”

बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

“दिल्यान!” गुरव ओरडला. “उजवो दिल्यान! आता दुकदुक नुको!”

मास्तरांनी प्रसाद घेतला, डोळ्यांना लावला आणि वळले. मी खांबाआड होतो, पण माझं पोट खांबापेक्षा रुंद आहे. ते सरळ माझ्याकडे आले.

“पेन आसा?”

मी खिशातलं पेन दिलं. मास्तर पायरीवर बसले, अर्ज मांडीवर पसरला आणि त्यांनी सही केली.

“मास्तर,” मला राहवेना, “देवीन तर तिका रव म्हणून सांगल्यान.”

“देवीन माजा मन राखल्यान,” ते म्हणाले. “मी दुसरा काय मागलंयच नाय. पण जावचा चेडवाक आसा.” अर्जाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. “मी हंय इललंय, ता तिका सांगू नुको. कळला तर ती रवतली.”

माझा स्वतःचा कौल मी पार विसरलो. त्यांच्या शेजारी बसलो. मास्तर समोरच्या रस्त्याकडे पाहत होते.

“परभणीसून घराक येवक किती वेळ लागता रे?”

“एक दीस नि एक रात,” मी अंदाजाने ठोकून दिलं.

“मगे चवथीच्या गणपतीक येयत,” मास्तर म्हणाले.